उलटी चादर

आमच्या धाकटीला वर्कशॉपमध्ये सगळे दुर्बीण म्हणायचे. शिवून झालेले शर्ट तिच्या टेबलावर यायचे आणि ती त्यातली खोट काढायची. सुटलेला टाका, वाकडी शिवण, जरा खाली लागलेलं बटण. अकरा वर्षं तिने दुसऱ्यांच्या चुका शोधल्या. मग मालकांनी तपासणीचं टेबलच बंद केलं आणि तिला पॅकिंगला जायला सांगितलं. "खोक्यांना चिकटपट्ट्या लावत म्हातारी होऊ का मी?" असं म्हणत ती घरी आली, आणि त्याच आठवड्यात नर्स व्हायचं म्हणाली. वय वर्षं अडतीस.

मी तिची मोठी बहीण. पोस्टात काउंटरला असते. दिवसभर लोकांचं ऐकून घेतल्यावर घरी कुणाचं ऐकायची ताकद माझ्यात उरत नाही, हे आधीच सांगून टाकते. घरातलं तिसरं माणूस म्हणजे आई. दोन वर्षांपूर्वी तिची उजवी बाजू गेली, तेव्हापासून ती पलंगावर आहे. बोलणंही गेलं, फक्त "अगं" राहिलं. त्या एका "अगं"मध्ये ती पाणी, राग, कंटाळा आणि माया सगळं बसवते. सकाळचं मी करते, संध्याकाळचं धाकटी, मधल्या वेळेत शेजारच्या काकू येऊन बसतात. गेले चार महिने आईच्या माकडहाडापाशी एक जखम झाली होती आणि काही केल्या भरत नव्हती. मलम झालं, पावडर झाली, कूस बदलणं झालं. आम्ही दोघींनी हात टेकले होते.

तर नर्सिंगच्या दोन जागा होत्या. एक जवळचं कॉलेज, चालत वीस मिनिटांवर. दीड वर्षाचा कोर्स, दुपारी तीनला सुट्टी. दुसरी मोठ्या हॉस्पिटलची जुनी शाळा, दोन बस बदलून जायची. तिथे तीन वर्षं, आणि पहिलं वर्ष हॉस्टेलला राहणं सक्तीचं. घरी यायचं फक्त रविवारी. फी दोन्हीकडे सारखीच निघाली, नाहीतर तेवढ्यावरच निकाल लागला असता.

मी जवळच्या कॉलेजच्या बाजूची होते, आणि त्याला कारण एकच. मला एकटीला आई उचलवत नाही. पाणी पाजणं, भरवणं सगळं जमतं, पण चादर बदलायची म्हटलं की सकाळी सकाळी माझ्या जिवावर येतं. धाकटी हॉस्टेलला गेली की हे सगळं सकाळ-संध्याकाळ माझ्यावर. हॉस्पिटलच्या शाळेच्या फॉर्मला एक पुरवणी होती: घरची जबाबदारी मी सांभाळेन, खाली घरातल्या माणसाची सही. तो कागद मी आठ दिवस पर्समध्ये घेऊन फिरत होते. धाकटीने दोनदा विचारलं. दोन्ही वेळा मी "बघू" म्हणाले. तिसऱ्यांदा तिने विचारलं नाही, ते मला जास्त लागलं.

दोन्ही ठिकाणं एकदा डोळ्यांनी बघून यायचं ठरलं. जवळच्या कॉलेजात सगळं काचेचं. टाय लावलेला एक माणूस आम्हाला गोड बोलत फिरवत होता. सरावाच्या खोलीत पलंगावर रबराचा पुतळा होता, त्याच्या हातावर इंजेक्शन द्यायला शिकतात. धाकटीने सवयीने त्याच्या दंडावरून बोट फिरवलं.

"कॉलेजला किती वर्षं झाली?" तिने विचारलं.

"हे सहावं," तो अभिमानाने म्हणाला.

"एकही भोक नाही हो याला."

तो हसला आणि आम्हाला कॅन्टीन दाखवायला घेऊन गेला. मी धाकटीला बाजूला घेऊन म्हटलं, "इथेही खोटच काढ तू. तीनला घरी येशील, ते नाही दिसत?"

हॉस्पिटलच्या शाळेत पोचेपर्यंत माझे पाय सुजले. भिंतींचा रंग उडालेला, आणि तिथला पुतळा बघवत नव्हता. दोन्ही दंडांची चाळण झालेली, वर पट्ट्या चिकटवलेल्या. धाकटी त्याच्याकडे अशी बघत होती जणू सोयरीक जुळली. शिकवणाऱ्या बाई साठीला आलेल्या, काडीसारख्या. त्यांना सगळे मोठ्या सिस्टर म्हणत होते. आलेल्या प्रत्येकीला त्यांनी एक पलंग दिला आणि चादर घालायला सांगितली. आम्ही घरची माणसं दाराशी बाकावर.

धाकटीचं सगळ्यात आधी झालं. कुठे चुणी नाही. मी मनात म्हटलं, आता बघाच. सिस्टर आल्या, त्यांनी चादरीवरून तळवा फिरवला आणि म्हणाल्या, "उलटी घातलीस."

धाकटी ओशाळली. "सवय आहे हो. आमच्या टेबलावर कापड उलटंच पसरतात. आतली शिवण बघायची असते ना."

"इथे कापड बघायचं नसतं. वर माणूस निजणार असतो." ती चादर मधोमध फाटून जोडलेली होती, आणि जोडाची कड आता वर आली होती. "झोप हिच्यावर. मी सांगेपर्यंत हलायचं नाही. तुझ्यात हलायची ताकद नाही, असं समज."

माझं डोकंच फिरलं. अडतीस वर्षांच्या बाईला चारचौघींत असं निजवायचं? पोरी तोंडावर हात ठेवून हसत होत्या. वीस मिनिटं धाकटी पडून राहिली. मग सिस्टरनी तिला तसंच निजवून खालची चादर एकटीने बदलून दाखवली. मी रागात होते, त्यामुळे ते नीट बघितलंच नाही. मला फक्त धाकटीचा चेहरा दिसला. ती हसत नव्हती, रडतही नव्हती. काहीतरी हिशेब जुळल्यासारखी छताकडे बघत होती.

दोन्ही बसमध्ये ती एक शब्द बोलली नाही. मला वाटलं, अपमान झाला, बरंच झालं, आता आपोआप जवळचं कॉलेज ठरेल. असं वाटलं मला. खोटं कशाला सांगू?

घरी येताच ती चपला न काढता आईकडे गेली. काकूंना "जरा सरका" म्हणाली, आईला कुशीवर वळवलं आणि चादरीवर बोट ठेवलं. आमच्या घरातल्या चादरी वर्कशॉपच्या रिजेक्ट शर्टाच्या कापडाच्या. कापड अरुंद असतं, म्हणून चार-पाच महिन्यांपूर्वी धाकटीनेच दोन-दोन तुकडे मधोमध जोडलेले. जोड पक्का, दुहेरी शिवणीचा, उलट्या बाजूने बोटाला ठसठशीत लागणारा. आणि चादर उलटी घातलेली. काल संध्याकाळी तिनेच घातली होती, आज निघायच्या घाईत मी बदलली नव्हती. शिवण बरोबर जखमेच्या खालून गेलेली.

काकू निघून गेल्या. धाकटी पलंगाच्या कडेला बसली आणि हमसून रडायला लागली. "मला दुर्बीण म्हणायचे गं ताई. चार महिने मी हिला माझ्याच शिवणीवर निजवलं."

तेव्हा मी गप्प बसू शकले असते. ती सगळं स्वतःवर घेत होती आणि मला कुणी काही विचारलं नव्हतं.

"मला माहीत होतं," मी म्हटलं.

तिने वर बघितलं.

"जखमेचं नाही. शिवणीचं. तुझं बघून मीही तशीच घालायचे, आणि सकाळी तळव्याला ती कड लागायची. रोज. वाटायचं, उलटून घालावी. पण मग पुन्हा सगळं काढा, आईला पुन्हा दोनदा वळवा. कंबर धरलेली असायची. म्हणायचे, उद्या."

"बोलली का नाहीस?"

"दमले होते गं. बोलायचाही कंटाळा आला होता."

ती माझ्यावर चिडली असती तर मला बरं वाटलं असतं. तिने डोळे पुसले आणि म्हणाली, "आता मी कशी जाऊ ताई? जवळचंच घेते." आठ दिवस मला हेच ऐकायचं होतं. आणि ऐकल्यावर मला माझीच लाज वाटली.

"त्या सिस्टरनी तुला न उचलता चादर कशी बदलली?" मी विचारलं. "तुझ्यापेक्षा त्या अंगाने निम्म्या आहेत."

"अर्धी अर्धी. माणूस कुशीवर, जुनी पाठीशी गुंडाळायची, तिला लागून नवी घालायची, मग माणूस गुंडाळीवरून दुसऱ्या कुशीला. उचलायचं नसतंच. आपण दोन वर्षं उगाच उचलतोय हिला."

"मला दाखव."

"आत्ता?"

"आत्ता. आणि तू हात लावू नकोस. तोंडाने सांग."

ती सांगत गेली, मी करत गेले. दोनदा चुकले, घामाने भिजले. धाकटीचे हात पुढे यायचे आणि मी ते झटकायचे. शेवटी चादर बसली. सुलट. मी तळवा फिरवला, हाताला काही लागलं नाही. आई माझ्याकडे बघून "अगं" म्हणाली. त्या "अगं"मध्ये काय होतं ते या वेळी मला कळलं नाही, आणि विचारायचं धाडसही झालं नाही.

मी पर्स ओढली, तो कागद काढला आणि आईच्या पलंगाच्या कडेवर ठेवून सही केली.