गणपतीखालची खुर्ची

'तारतम्य' हा बाबांचा लाडका शब्द आणि नेमका माझ्या डोक्यात जाणारा. शाळेत संस्कृत शिकवून निवृत्त झाले तरी घरात त्यांचा वर्ग चालूच होता. "तर म्हणजे दोघांत अधिक, तम म्हणजे सगळ्यांत अधिक. लघुतर, लघुतम. त्या तर-तममधून हा शब्द आला. जास्त महत्त्वाचं काय आणि सर्वांत महत्त्वाचं काय, हे कळणं म्हणजे तारतम्य. तुला ते नाही." शेवटचं वाक्य ठरलेलं.

दोन वर्षांपूर्वी चतुर्थीला, गिरगावातल्या आमच्या चाळीत, गणपतीची प्राणप्रतिष्ठा करून बाबा उठले आणि भिंत धरून खालीच बसले. छातीवर हात, अंगाला दरदरून घाम. "पित्त आहे. आरती उरकून घ्या," म्हणाले. मी त्यांचं न ऐकता अ‍ॅम्ब्युलन्स बोलावली. रस्त्यावर ही गर्दी, गाडी नाक्यापर्यंतच येणार होती. आम्ही तिसऱ्या मजल्यावर. शेजारचे दोघं धावत आले. "काकांना चालवू नका. हात असलेली खुर्ची दे ताई, बसवून उतरवतो."

तशी खुर्ची घरात एकच. आजोबांची, सागवानी. दरवर्षीप्रमाणे तिच्यावर गणपती बसला होता. प्रतिष्ठा झालेली मूर्ती उत्तरपूजेआधी हलवायची नसते, आणि सोवळ्याओवळ्यात आईसारखी कडक बाई आमच्या मजल्यावर दुसरी नव्हती. मी तिच्याकडे बघत राहिले.

"हलवू नकोस गं त्याला," बाबा पुटपुटले.

आईने हात जोडले. मग फुलांची आरास ओढून काढली, मूर्ती उचलली आणि बाबांच्या पलंगावर नेऊन ठेवली. "घ्या खुर्ची," ती म्हणाली.

वेळेत पोहोचलो म्हणून वाचले, असं डॉक्टर म्हणाले. संध्याकाळी आम्ही दोघी घरी आलो. खुर्ची दारात परत आणून ठेवलेली होती. बाप्पाला पुन्हा तिच्यावर बसवूया, असं मी म्हटलं.

"नको," आई म्हणाली. "तेव्हा केलं ते यांच्यासाठी. आता परत हात लावायची माझी हिंमत नाही."

पलंगासमोर जमिनीवर बसून तिने राहिलेली आरती सुरू केली. पहिल्याच ओळीला ती अडली. पुढची मी म्हटली.