माझ्या कागदावर केळं नव्हतं

आपल्या बापाची नक्कल पडद्यावर चालू असताना तुम्ही कधी हसलात का?

मी हसलोय. गिरगावातल्या थिएटरात, चित्रपट लागल्यावर पहिल्याच रविवारी, दुपारच्या खेळाला. पडद्यावर एक गिरणी कामगार हातवारे करत होता, तोंडाचा चंबू करत होता, डोळे फिरवत होता. गिरणीमालकाने त्याला न्याहाळलं आणि खिशातून केळं काढून त्याच्यापुढे धरलं. कामगाराने ते सोलून खाल्लं. थिएटर हशाने दणाणलं. माझ्याही तोंडून हसू बाहेर पडलं.

शेजारी बाबा बसले होते. ते हसत नव्हते. पडद्याकडे बघतही नव्हते. माझ्या तोंडाकडे बघत होते.

ते हातवारे त्यांचे होते.

बाबा परळच्या गिरणीत, साचेखात्यात, म्हणजे कापड विणायच्या मागांवर. साच्यांच्या खडखडाटात त्यांचे कान केव्हाच गेले. तिथे आवाज काढून कुणी बोलत नाही. बोटं बोलतात, ओठ हलतात. चिमटीने हवा तोडली की धागा तुटला. मूठ गळ्याशी नेऊन खाली ओढली की टायवाला साहेब येतोय. काळाचौकीच्या आमच्या खोलीत मात्र बाबा ओरडून बोलतात. स्वतःचाच आवाज त्यांना पोचत नाही.

ज्या कादंबरीवरून हा चित्रपट काढला, ती मी चाळीच्या गॅलरीत रोज संध्याकाळी वाचून दाखवायचो. बाबा माझ्या ओठांकडे बघत बसायचे. तिच्यात दोन साचेवाले मालकाच्या देखत, हातांनी, त्याचीच टर उडवतात. मालकाला वाटतं, आपल्याला सलाम चाललाय. त्या पानावर बाबा मांडी थोपटून ओरडायचे, "परत वाच रे!" सगळा मजला जमायचा.

मी तेव्हा सकाळी संयुक्त महाराष्ट्राची पत्रकं लिहायचो. मुंबई कामगारांची, असं ठळक अक्षरात. आणि दुपारी दादरच्या एका चित्रपट कंपनीत संवाद सुवाच्य उतरवून द्यायचो. तिथे याच कादंबरीवर चित्रपट निघत होता. एकदा दिग्दर्शकांनी विचारलं, "ती गिरणीतली खुणांची भाषा कुणाला येते का हो?"

मी छाती फुगवून म्हणालो, "माझ्या वडिलांना."

बाबांनी पाळीला आपल्या जागी बदली कामगार दिला. धुवट सदरा घातला, नवी टोपी घातली. स्टुडिओत नटाला एकेक खूण शिकवली. चुकला की त्याचा हात हातात घेऊन पुन्हा शिकवली, नव्या साचेवाल्याला शिकवतात तशी. मी बाजूला उभा होतो, दिग्दर्शक समोर खुर्चीत होते. हळू आवाजात नटाला म्हणाले, "नीट बघून घ्या. अगदी माकड. मला हेच हवंय."

नट हसला. बाबा दिग्दर्शकांकडेच बघत होते. तेही हसले, आणि पुढची खूण दाखवू लागले.

माझ्या मनात आलं, बरं झालं, ऐकू गेलं नाही.

मग चहा आला. मी तो घेतला.

थिएटरातून ट्रामने लालबागला आलो. तिथून चालत निघालो. चाळीच्या तोंडाशी बाबा थांबले आणि आवाज न काढता, नुसत्या ओठांनी बोलले. घरचे लोक एकमेकांशी असं बोलत नाहीत. साचेखात्यात बोलतात.

"माका तेव्हाच कळला. तेच्या ओठार वाचलंय मी."

"मग शिकवलंत कशाला?"

"तू होतंस ना थंय. म्हटलंय, आता माझो झील बोलतलो."

त्यांचा झील, त्यांचा मुलगा, बोलला नव्हता. मुलाने चहा घेतला होता.

मला रडू आलं नाही. रागही आला नाही. जिना चढलो, जेवलो, झोपलो. माझ्या कागदावर केळं नव्हतं, एवढंच स्वतःला सांगत राहिलो. मी उतरवलेल्या कागदावर पुस्तकातलाच प्रसंग होता, मालकाची टर उडवणारा. पण बाबांना तिथे कागदाने नेलं नव्हतं. मी नेलं होतं.

सोमवारी दिग्दर्शकांनी पाठ थोपटली. "पुढच्या चित्रपटाचे संवाद तुम्हीच लिहा. गिरणीची माणसं तुम्हाला माहीत आहेत. लोक हसून हसून लोळले पाहिजेत."

"नाही लिहिणार."

"का हो? वडील रागावले? त्यांना तर ऐकूसुद्धा येत नाही."

"तुम्ही माकड म्हणालात, ते त्यांनी तुमच्या ओठांवर वाचलं. मी कानांनी ऐकलं. मी गप्प बसलो. आता नाही बसणार."

त्यांच्या चेहऱ्यावर काय उमटलं ते बघायला थांबलो नाही.

आता नोकरी नाही. पत्रकं लिहितो. पण मुंबई कामगारांची असं लिहिताना हात अडखळतो, आणि तो अडखळलाच पाहिजे. यापुढे माझ्या माणसांचे हात मी कुणाच्या करमणुकीला नेणार नाही. आणि समोर कुणी त्यांना माकड म्हणालं, तर मी चहा संपेपर्यंत थांबणार नाही.

तो चित्रपट अजून चालू आहे. बघू नका असं मी म्हणत नाही. बघा. केळं बाहेर निघेल तेव्हा मात्र पडद्याकडे बघू नका. शेजारी बघा. एखादा म्हातारा हसत नसेल, तर उठा आणि त्याला बाहेर घेऊन या.