चपला घाला, निघायचंय

सिनेमा शुक्रवारी लागला आणि शनिवारी सकाळपर्यंत सगळा महाराष्ट्र माझ्यावर चिडलेला होता. सगळा म्हणजे ज्यांचं लहानपण त्या कार्टूनवर गेलं तेवढाच, पण माझ्या फोनवर त्या दिवशी दुसरं कोणी दिसतच नव्हतं.

ढगांवरून चालणारी होडी, तिचा बारा वर्षांचा कप्तान आणि सुकाणूपाशी बसलेलं म्हातारं कासव. आमच्या वयाच्या माणसाला एवढं सांगितलं तरी पुरतं. त्याच कार्टूनचा आता खरीखुरी माणसं घेऊन मोठा सिनेमा काढला होता, आणि तो मराठीतही आला होता. होडी म्हणे कचऱ्याच्या डंपरसारखी दिसते. कासव उकडून काढल्यासारखं. कप्तान बाराचा कुठला, चांगला पंचविशीचा घोडा, नुकती दाढी करून आलेला. इथपर्यंत वाचताना मीही मान डोलवत होते, कारण ते खरंच होतं. करायला गेले गणपती आणि झाला मारुती. मग खाली खाली जाताना एकेक ओळ येत गेली. 'मराठी संवाद लिहिणाऱ्याने मूळ मालिका पाहिली तरी आहे का?' 'कप्तान चपला घाला म्हणतो??' 'बालपणाची वाट लावली राव.'

ते संवाद मी लिहिले होते. माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली म्हणता! अरे, मी नाही पाहिली तर कोणी पाहिली? तुम्ही तोंडात बोट घालून बसला असाल, मी ती मालिका अक्षरन् अक्षर पाठ केली आहे. गेलात उडत, असं मी स्वयंपाकघरात उभं राहून मोठ्याने म्हटलं आणि चहा उतू गेला.

आता ती पाठ कशी झाली ते सांगते. आम्ही बोरीवलीला राहायचो, तीन मजली बिल्डिंगमध्ये, तळमजल्यावर. एक खोली आणि स्वयंपाकघर. बाबा मरोळला एका कारखान्यात होते आणि शनिवारी रात्री त्यांची हमखास रात्रपाळी असायची. रविवारी आठ-साडेआठला ते यायचे, अंघोळ करून पोहे खायचे आणि खोलीतल्या पलंगावर भिंतीकडे तोंड करून झोपायचे. टीव्ही त्याच खोलीत, पलंगाच्या पायथ्याशी. कार्टून दहा वाजता. आईचा नियम एकच होता: बघायचं तर बघा, पण आवाज बंद. बाबा उठले तर टीव्हीच बंद.

म्हणून आमच्या घरी ते कार्टून मुकं लागायचं. आणि माझा दादा, तेव्हा बारा वर्षांचा, टीव्हीच्या शेजारी मांडी घालून बसायचा आणि सगळ्यांचं बोलायचा. कप्तानाचं, कासवाचं, राक्षसाचं, वाऱ्याचंसुद्धा. मराठीत, आणि बाबा उठू नयेत म्हणून अगदी हळू. मी सहा वर्षांची. मी त्याला विचारलं होतं, तुला कसं कळतं रे ते काय बोलतात? तो म्हणाला, मला ओठ वाचता येतात. झालं, माझा विश्वास बसला.

डोळे मिटले की ती खोली अजून दिसते. खिडकीला आईची जुनी निळी साडी पडदा म्हणून लावलेली, त्यातून आलेलं निळसर ऊन, पलंगावर बाबांची पाठ, आणि त्या सगळ्यात ती होडी आवाज न करता ढगांवरून सरकत चाललेली. बाहेर भाजीवाला ओरडून जायचा तो कुठून तरी फार लांबून आल्यासारखा वाटायचा. होडी निघायच्या आधी कप्तान हात वर करून काहीतरी म्हणायचा आणि दादा म्हणायचा, "चला रे, चपला घाला, निघायचंय." संकट आलं की कासव मान आत ओढायचं आणि दादा म्हाताऱ्या आवाजात म्हणायचा, "मी घरीच बरा होतो." आणि शेवटी, वादळातून सुटका झाल्यावर, कप्तान मागे वळून बघायचा. तिथे दादा नेहमी थोडा थांबायचा. मग म्हणायचा, "सगळे आले का? मोजा."

हळूहळू बिल्डिंगमधली पोरं आमच्याकडे यायला लागली. त्यांच्या घरी टीव्ही, त्यावर आवाज, सगळं व्यवस्थित. तरी चपला बाहेर काढून, पावलं न वाजवता आत येऊन फरशीवर बसायची. सात-आठ पोरं आणि चिटपाखराचा आवाज नाही. तोंडावर हात दाबून हसायची. एकदा कासवाच्या कुठल्याशा बोलण्यावर सगळी खुदखुदली आणि मी घाबरून पलंगाकडे बघितलं, तर चादरीखाली बाबांचे खांदे हलत होते. ते जागे होते. किती रविवार जागे होते देव जाणे.

मला कासव व्हायचं होतं. तेवढं एक वाक्य मला बोलू दे, म्हणून मी दादाच्या किती विनवण्या केल्या. तो म्हणायचा, "तू लेट बोलशील, सगळं बिघडेल. मोठी हो आधी."

मोठी झाले. अंधेरीतल्या एका छोट्या स्टुडिओसाठी डबिंगचे मराठी संवाद लिहायला लागले. काम साधं आहे आणि फार किचकट आहे. पडद्यावरच्या माणसाचे ओठ जेव्हा हलतात तेव्हाच शब्द आला पाहिजे आणि ओठ मिटले की संपला पाहिजे. याला आम्ही लिप बसणं म्हणतो. अर्थ जरा इकडेतिकडे झाला तर चालतो, लिप मात्र बसलंच पाहिजे. हा सिनेमा आला तेव्हा तिथल्या बाईंनी विचारलं, "जुनी मालिका पाहिलीय ना? सगळे भाग पाठवू का, हिंदीतले?" मी ऐटीत म्हटलं, "पाठ आहे मला." त्यांनी तरीही पाठवले. मी उघडलेसुद्धा नाहीत.

लिहिताना इंग्रजीत कप्तान भलतंच काही बोलत होता. मला त्याचं काही वाटलं नाही. डबिंगमध्ये बदलतातच, हिंदीवाल्यांनी बदललं असेल, दादाने ते दुसऱ्या कुणाच्या घरी ऐकून त्याचं मराठी केलं असेल, आणि लोकांच्या लक्षात तेच राहिलं असणार. म्हणून जिथे जिथे मला आठवत होतं तिथे मी तेच घातलं. लिपही काय बसत होतं! बाई खूश झाल्या.

आणि खरं सांगायचं तर, मी ते काम एका माणसासाठी घेतलं होतं. वहिनी गेली त्याला दोन वर्षं झाली होती. छोटासा ताप म्हणता म्हणता आठ दिवसांत गेली. तेव्हापासून दादाचं बोलणं संपलं. ऑफिसला जायचा, यायचा, आणि 'हं', 'बघू', 'ठेव तिथे' एवढ्यात दिवस काढायचा. भांडायचासुद्धा नाही. दर रविवारी मी त्याच्याकडे जायचे, बडबड बडबड करायचे, डबा ठेवायचे आणि परत येताना रिक्षात रडायचे. मला माझ्या दादाचा आवाज परत हवा होता, बस. वाटलं, थिएटरात एवढ्या मोठ्या पडद्यावर त्याचीच वाक्यं ऐकली तर हसेल तरी. तिकिटं काढते म्हटलं, तर म्हणाला, "बघू."

तर त्या शनिवारी, उतू गेलेला चहा पुसून, मी तणतणत लॅपटॉप उघडला. म्हटलं दाखवतेच पुरावा यांना. जुन्या भागांतला पहिला लावला आणि आयुष्यात पहिल्यांदा त्या कार्टूनचा आवाज ऐकला.

ढोल वाजत होते. कप्तानाने हात वर केला आणि घोगऱ्या, नाटकी आवाजात म्हणाला की आकाश त्याचं आहे, दिशा त्याच्या आहेत आणि विजयही त्याचाच होणार आहे. कासव संकटात मान आत ओढून कसला तरी मंत्र म्हणत होतं. शेवटी कप्तान मागे वळला आणि हसून म्हणाला, "कोई मुझे हरा नहीं सकता." एवढंच. कोणी कोणाला मोजलं नाही.

मी दुसरा भाग लावला, तिसरा लावला. चपला कुठेच नव्हत्या. ओठ मात्र अगदी तेच, तितकेच हलत होते. म्हणजे जे कार्टून मला पाठ होतं ते कधी कुठे लागलंच नव्हतं. आमच्या त्या एका खोलीत, निळ्या उजेडात, तेवढंच लागत होतं.

मग आमच्या जुन्या बिल्डिंगच्या ग्रुपवर बघितलं. तिथे तर धुमाकूळ चालला होता. दुसऱ्या मजल्यावरची माझी मैत्रीण, जी आता मुलुंडला असते, तिने लिहिलं होतं, 'मी थिएटरात ओरडले गं! अख्खं थिएटर शिव्या घालतंय आणि मी एकटी रडतेय. हे तर तुझ्या दादाचं!' मी तिला फोन लावला. "तुला माहीत होतं?"

"आम्हाला सगळ्यांना माहीत होतं, वेडे. मे महिन्यात दुपारी परत लागायचं ना ते. तुम्ही दरवर्षी गावाला जायचात. आम्ही आवाजासकट बघायचो. कसलं बोअर होतं यार!"

"मग मला कोणी सांगितलं का नाही?"

"तुझ्या दादाने शपथ घातली होती सगळ्यांना. तू एवढी तोंड उघडं टाकून बघायचीस, म्हणाला, तिला नका सांगू. आणि आम्हालाही खरं तेच वाटायचं गं."

रविवारी मी बोरीवलीला गेले. आमची बिल्डिंग पाडून तिथेच आता टॉवर झालाय आणि दादाचं घर अकराव्या मजल्यावर आहे. पावसाळ्यात नॅशनल पार्कच्या डोंगरावरून ढग उतरतात ते थेट त्याच्या खिडकीपाशी येतात. त्या दिवशीही आले होते. घर पांढरं धुकट झालं होतं आणि दादा दिवा न लावता सोफ्यावर बसला होता. वहिनीची चप्पल अजून दाराशी, होती तिथेच.

मी त्याच्या टीव्हीला लॅपटॉप जोडला आणि जुना भाग लावला. ढोल सुरू झाले. होडी दिसली तसा दादा जरा सरळ बसला. कप्तानाने हात वर करून आकाश आपलं असल्याचं जाहीर केलं. दादाच्या कपाळाला आठी पडली.

"आवाज बंद कर," तो म्हणाला.

मला वाटलं, संपलं. त्रास दिला मी त्याला. हात दाखवून अवलक्षण. मी पटकन आवाज बंद केला आणि टीव्हीही बंद करायला लागले.

"टीव्ही नको गं," दादा म्हणाला. "आवाज. बाबा झोपलेत ना."

बाबांना जाऊन अकरा वर्षं झालीत. मी त्याच्याकडे बघितलं. तो माझ्याकडे बघत नव्हता. सोफ्यावरून उतरून तो फरशीवर बसला, टीव्हीच्या शेजारी, मांडी घालताना गुडघा दाबत. कप्तानाने पुन्हा हात वर केला. दादाने घसा खाकरला.

"चला रे," तो म्हणाला. आवाज गंजलेला, मधेच फाटत होता. "चपला घाला. निघायचंय."

खिडकीबाहेर ढग सरकत होते आणि पडद्यावर होडी सरकत होती आणि दादा बोलत होता. वाऱ्याचंही बोलला. राक्षसाला म्हणाला, आज सुट्टी आहे, उद्या ये. मग वादळ आलं, गेलं, आणि कप्तान मागे वळला.

"सगळे आले का?" दादा म्हणाला. "मो…"

पुढचं बोलता आलं नाही त्याला. कप्तानाचे ओठ हलून मिटले. दादाची मान खाली गेली आणि खांदे हलायला लागले, बाबांचे चादरीखाली हलायचे तसेच, पण हा हसत नव्हता. दोन वर्षांत मी त्याला रडताना पाहिलं नव्हतं. स्मशानातही तो रडला नव्हता. मी सरकून त्याच्या पाठीवर हात ठेवला. काय बोलावं मला सुचेना, मी, जी पोटापाण्यासाठी दुसऱ्यांच्या तोंडी शब्द घालते.

पडद्यावर कासवाने मान बाहेर काढली आणि तोंड उघडलं. दादाने मान न उचलता मला कोपराने ढोसलं.

"बोल ना," तो म्हणाला. "तुझं आहे."

"मी घरीच बरा होतो," मी म्हटलं.

दादाने डोळे पुसले, नाक शर्टाच्या बाहीला पुसलं, आणि पडद्याकडे बघून, दोन वर्षांत पहिल्यांदा, माझ्यावर वैतागला.

"लेट बोललीस," तो म्हणाला. "कासवाचं तोंड कधीच मिटलं. मागे घे. पहिल्यापासून."

मी मागे घेतलं.