लुंबिनीत बहिणीने सोडलेले पाणी

देवरीच्या तहसील कार्यालयासमोर मी गेली अनेक वर्षे अर्जलेखनाचे काम करीत आहे. शिक्षण नववीपर्यंतच झाले असले, तरी माझ्या मसुद्यातील शब्द बदलण्याची गरज साहेबांना सहसा पडत नाही. त्यामुळे थोरल्या बहिणीला नेपाळात लुंबिनीला न्यायचे ठरले, तेव्हा तिच्या वतीने मीच बोलणार, हे घरात सर्वांनी गृहीत धरले होते.

तिचा एकुलता मुलगा सडक अर्जुनीजवळ हमरस्त्यावर ट्रकखाली गेला. तेव्हापासून तिने त्याचे नाव उच्चारले नव्हते. कोणी घेतले, तर ती उठून आत जाई. तथागतांच्या जन्मस्थळी त्याच्यासाठी पाणी सोडावे, हे मात्र तिनेच सुचविले.

मायादेवी मंदिरात आम्ही अनवाणी शिरलो. आत उघड्या पडलेल्या प्राचीन विटांच्या भिंती आणि त्यांच्यामध्ये जन्मस्थान दर्शविणारी शिला. बहिणीने हात जोडले. बाहेर सम्राट अशोकाचा स्तंभ आहे. बुद्ध येथे जन्मले म्हणून आपण स्वतः आलो, पूजा केली, स्तंभ उभारला आणि गावाचा कर कमी केला, एवढेच त्यावर कोरले आहे, असे समजले. मजकूर आटोपशीर वाटला.

पुष्करिणीकाठच्या पिंपळाखाली आम्ही एका भंतेंसमोर बसलो. दिवंगताचे नाव घेऊन लोट्यातील पाणी वाटीत सोडायचे. वाटी भरून वाहू लागली की आपले पुण्य त्याला पोचले, अशी ही रीत. भंतेंनी गाथा म्हटल्या आणि बहिणीने लोटा कलता केला. मी रीतसर आरंभ केला. विनंती करणार कोण, राहणार कोठील, घटना कोणत्या परिस्थितीत घडली. मयताचे नाव आणि मागणी शेवटी, हा माझ्या लेखनाचा क्रम मी तेथेही मोडला नाही. मी ट्रकपर्यंत आलो, तेव्हा वाटी भरून वाहून गेली होती आणि लोटा रिकामा होता. नाव राहूनच गेले.

भंतेंनी माझ्याकडे शांतपणे पाहिले.

"बेटा माताजी का है न? तो माताजी ही बोलें."

तिच्याने ते होणार नाही, असे मी त्यांना समजावू लागलो. तेवढ्यात बहिणीने लोटा माझ्यापुढे ठेवला.

"जा, पाणी आन. अन् आता चूप राह्य. हे काही तहसील नोहोय."

मी पाणी आणले. तिने धार धरली. अर्धा लोटा संपेपर्यंत तिचे ओठ मिटलेलेच होते, आणि मला वाटले, हेही पाणी वाया जाणार. मग तिने त्याला हाक मारली. कागदोपत्री असलेले नाव नव्हे. लहानपणी अंगणातून जेवायला बोलवायची, ते.

"जाय बाबू आता," ती म्हणाली. "माही काळजी नोको करू."

वाटी भरली, पाणी खालच्या ताटात उतरले. ते झाडाच्या मुळाशी घालायचे असते. ताट उचलण्यासाठी मी हात पुढे केला. तिने ते दिले नाही. पदर खोचून ती स्वतःच उठली.