खलनायकाला वन्स मोअर
लेकीच्या गॅदरिंगसाठी काल तिला मिशी चिकटवताना डिंकाचा उग्र वास आला आणि हायवेवरच्या द्वारका चौकाजवळचा आमच्या कॉलनीचा मांडव आठवला. आम्ही संगीत प्रहसन बसवलं होतं आणि मी मिशी लावून जग जिंकायला निघालेला खलनायक झाले होते. शेवटी नायक मला बांधणार आणि मी रडत माफी मागणार. "खलनायक सुधारतोच, लोकांना तेच लागतं," दिग्दर्शक सर म्हणायचे. मला ते कधीच पटलं नाही. प्रयोगात हायवेवरच्या हॉर्नच्या वर आवाज चढवून मी विजयाचं पद गायले, नायकाने माझे हात बांधले आणि तेवढ्यात मागून आरोळी आली, "वन्स मोअर!" संगीत नाटकात वन्स मोअर नाकारत नाहीत. विंगेतून सरांनी मान हलवली, तशा नायकानेच बिचाऱ्याने माझ्या गाठी सोडल्या. मी दुप्पट जोरात गायले. पद संपताच तो दोरी घेऊन पुटपुटला, "हात पुढे कर." "नाही करणार! आणि सुधारणार तर मुळीच नाही!" म्हणत मी स्टेजवरून उडी मारली आणि टाळ्यांच्या गजरात, गातगातच मांडवाबाहेर गेले. काल लेकीने आरशात बघत विचारलं, "आई, मॅडम म्हणतात, शेवटी मी सॉरी म्हणायचं. म्हणू?" मी तिची मिशी आणखी घट्ट दाबली. म्हटलं, "आधी वन्स मोअर घे."