घोड्याचा सेल
परवा माळा आवरताना प्लास्टिकचा तांबडा घोडा हाती लागला आणि मी एकटीच खुदकन हसले. मोबाइलला अजून बटणं होती ते दिवस. मी कॉलेजात होते आणि मीरा रोडच्या क्लबात एअर रायफल शिकत होते. क्लबात नवी परदेशी रायफल आली होती. सरांनी तिची गालपट्टी माझ्या गालाला आणि दस्ता माझ्या खांद्याला मिलिमीटरने जुळवून दिला होता. तिचा चाप, म्हणजे सरांच्या भाषेत घोडा, इलेक्ट्रॉनिक होता. बटनसेलवर चालायचा आणि नुसतं बोट टेकलं की सुटायचा. माझ्या पहिल्या मॅचला तासभर उरला असताना नेमका तो सेल संपला. दुसऱ्या कुणाची रायफल माझ्या अंगाला बसेना, मी अगदी रडवेली झाले. सोबत आलेली आई म्हणाली, "थांब, मी आणते," आणि तडक समोरच्या शांती नगरात गेली. घड्याळं-खेळण्यांच्या दुकानात तिने सांगितलं, "भैया, घोडे का सेल दो, जल्दी!" परतली ती खिंकाळणारा घोडाच घेऊन. "सेल आतच आहे म्हणाला तो," ती धापा टाकत म्हणाली. सरांनी कपाळावर हात मारला, मग हसत हसत स्क्रूड्रायव्हरने घोड्याचं पोट उघडलं. आतला सेल अगदी तोच निघाला! मॅचमध्ये मी तिसरी आले, घोडा मात्र तेव्हापासून मुका. परवा त्यात नवा सेल घातला, शेपूट दाबलं आणि तो असा खिंकाळला की स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला, "आज मॅच आहे का गं?"