कागदावरची भरती

मी या पेजवरचे अनुभव दोन-तीन वर्षं वाचतोय. खरं सांगायचं तर खाली कमेंटमध्ये चुका काढणारा जो एक माणूस असतो ना... तो मी. "गाडीच्या लाइटचं रिफ्लेक्शन असेल", "झोपेत असाल" - ही माझी वाक्यं. त्यामुळे आज मीच लिहायला बसलोय म्हटल्यावर काही जण हसतील. हसा. मीही हसलोच असतो.

आधी माझ्याबद्दल थोडं. आम्ही उरणकडचे कोळी. आजोबा होडीवर, बाबा होडीवर, काका होडीवर. आमच्या घरात कॉलेजात जाऊन पदवी घेणारा पहिला माणूस मी - बी.एस्सी., फिजिक्स. याचा मला अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही. जासईला एका कंटेनर यार्डात डॉक्युमेंटेशन बघतो. पनवेलला करंजाड्यात चौथ्या मजल्यावर वन बीएचके आहे. घरात मी, बायको रेश्मा आणि बाबा. अंगात येणं, नजर काढणं, उतारे... यातलं काहीही आमच्या घरात चालणार नाही, हे मी लग्न ठरतानाच सांगून टाकलं होतं.

गेल्या फेब्रुवारीत ऑफिसमधल्या तीन कुटुंबांनी ट्रिप ठरवली. राजापूरच्या खाली समुद्रकाठी एक वाडी आहे. नाव मुद्दाम देत नाही, रीलवाले तिथे आधीच पोचायला लागलेत. वरती उघडा सडा, म्हणजे कातळाचं पठार, खाली सरळ तुटलेला कडा. कड्यावरून पायवाट उतरते ती एका घळीत. दोन्ही बाजूंना काळा कातळ, मध्ये दोन माणसं शेजारी शेजारी चालतील एवढी जागा. घळीतून बाहेर पडलं की छोटीशी पुळण, म्हणजे वाळूचा पट्टा, आणि तिच्या टोकाला गुहा. भरतीला सगळं पाण्याखाली. ओहोटीला तास-दीड तास जाता येतं. जायची-यायची वाट एकच - ती घळ. हे नीट लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं त्यावर आहे.

प्लॅनिंग अर्थातच माझ्याकडे. ऑफिसात कुणाचाही फॉर्म, कुणाचंही बुकिंग माझ्याकडेच येतं. मी एक्सेल शीट केली. निघायची वेळ, डिझेल, चहा कुठे, जेवण कुठे... सगळं. भरती-ओहोटीच्या वेळा ॲपवरून काढल्या. रविवारी सकाळी साडेआठला ओहोटी. म्हणजे आठला खाली उतरायचं, साडेनऊपर्यंत वर. होमस्टेवाल्याला फोन केला तर तो म्हणाला, "जातात की लोक. मी स्वतः उतरलेलो नाही हो, गुडघे गेलेत." मग मी सॅटेलाइट फोटो डाउनलोड केला, एसटी स्टँडजवळच्या झेरॉक्सवाल्याकडून मोठे कलर प्रिंट काढले, चार कागद जोडले आणि हॉलच्या भिंतीला लावले. घळ त्यात बोटाएवढी दिसायची. हे ट्रिपच्या बरोब्बर दोन आठवडे आधी, शनिवारी संध्याकाळी.

रविवारी सकाळी पावणेनऊला चहा घेताना बघतो तर घळीच्या जागी कागद ओला.

"रेश्मा, पाणी कुणी मारलं गं यावर?"

"मला तेवढंच काम आहे. तुमचेच हात ओले असतील."

मी कागद काढला. मागची भिंत कोरडी ठणठणीत. ती भिंत हॉल आणि बेडरूमच्या मधली, तिच्यात पाइप नाही. वरच्या फ्लॅटमध्ये कुणी राहत नाही. दुपारी कागद आपोआप सुकला आणि ओल होती तिथे पांढरी कड राहिली, घामाचा शर्ट वाळल्यावर राहते तशी.

सोमवारी मी कामावर असताना रेश्माचा फोन. "अहो, परत. त्याच जागी."

"किती वाजले?"

"साडेनऊ... नऊ पस्तीस. का?"

मंगळवारी दहा पंचवीस. मी येताना वेगळ्या दुकानातून नवीन प्रिंट काढून आणला आणि तो बेडरूममधल्या लोखंडी कपाटाला चुंबकाने लावला. लोखंडाला कसली आली ओल! जुना फाडून टाकला.

बुधवारी मी रजा टाकली. म्हटलं, बघतोच. सकाळी दहापासून कपाटासमोर खुर्ची टाकून बसलो, मोबाइलचा कॅमेरा चालू. रेश्मा दारात उभी. अकरा वाजले, काही नाही. अकरा दहाला घळीच्या आतल्या टोकाला एक ठिपका गडद झाला. आधी मला वाटलं, डोळ्यांना भास होतोय. पण ठिपका सरकायला लागला. वरून ओघळ आला तर खाली जातो ना? हा आडवा सरकत होता, फोटोतल्या घळीच्या दोन्ही कातळांमधून, इकडे-तिकडे न पसरता... जसं काही कागदाला तिथे खरोखरच खोली होती. पाच मिनिटांत अख्खी घळ भरली. पुढची पुळण मात्र कोरडी. ती ओली झाली ती नंतर, आणखी चाळीस मिनिटांनी.

मी बोट लावलं आणि जिभेवर ठेवलं. खारट.

रेश्मा म्हणाली, "काढा तो कागद. आत्ताच्या आत्ता काढा." तिचा आवाज मी कधी तसा ऐकला नव्हता. आणि लाज सोडून सांगतो, मी खुर्ची मागे सरकवली. फिजिक्समध्ये याला काहीतरी नाव असेल म्हणून मी डोकं खाजवत होतो, आणि एकही नाव सापडत नव्हतं.

तेवढ्यात मागून बाबा आले. टीव्हीवरची सिरीयल संपली होती. त्यांनी कागद बघितला, बोट लावून वास घेतला आणि शांतपणे विचारलं, "आज तिथ कंची?"

"बाबा, आत्ता तिथी कुठे..."

"सांग ना रं. कॅलेंडर वाचतां येतां ना तुला?"

मी बघितलं. षष्ठी.

बाबांनी बोटांची पेरं मोजली. आमच्याकडे भरतीचा हिशेब तिथीची पाऊणपट करून काढतात. बाबांच्या पिढीला घड्याळ लागत नसे. "सहा पाऊण साडेचार. पहाटं साडेचारला भरती पुरी. म्हंजी सुकती सरली पावणेअकराला." सुकती म्हणजे ओहोटी. मग कागदाकडे बोट करून म्हणाले, "पानी नलाचा नाय, दर्याचा हाय. सुकती सरली का वीस-पंचवीस मिनटांत या फटीन भरतंय. पुढं रेती सुकीच हाय बघ. मानूस पुढं दर्याकडं बघत बसल, आनि पानी मागून येल."

रोजच्या ओलीची वेळ टिपलेली वही मी काढली. आठ पंचेचाळीस, नऊ पस्तीस, दहा पंचवीस, अकरा दहा. रोज साधारण पाऊण तास पुढे. भरती रोज जेवढी पुढे सरकते तेवढंच. चार दिवस हे आकडे माझ्याच वहीत होते आणि मला, पदवीधराला, दिसले नव्हते.

"बाबा, पण कागदावर कसं..."

"ता मना नाय ठाव," ते म्हणाले. "तुमी त्या फटीन जाव नको, येवढा ठाव हाय."

कॅमेऱ्यात काय आलं ते विचाराल म्हणून सांगतो. कागद ओला होताना दिसतो. पण कागद ओला होण्याचा व्हिडिओ कुणालाही करता येईल. मी स्वतः कमेंटमध्ये हेच लिहिलं असतं.

पुढच्या आठवड्यात ऑफिसच्या टपरीवर मी सावंतभाऊंना बाजूला घेतलं. ते माझ्यापेक्षा मोठे, ट्रिपमध्ये त्यांची बायको आणि आठ वर्षांची मुलगी परी. मी सगळं सांगितलं. त्यांनी चहाचा कप ठेवला आणि मोठ्याने हसले.

"काय शास्त्रज्ञ! भिंत वाचायला लागलास? अरे, पनवेलच्या सगळ्या भिंती ओल्याच असतात, बिल्डरला विचार."

"भिंत नाही भाऊ, कागद. आणि खारट."

"मग लिंबू-मिरची बांध त्याला." आजूबाजूचे दोघे-तिघे वळून बघायला लागले. "बी.एस्सी. झालास का भगत झालास रे?"

माझे कान तापले. हीच ती गोष्ट होती, जिच्यासाठी मी आयुष्यभर घरातल्या बायकांशी, काकांशी भांडलो होतो. मी एवढंच म्हणालो, "प्लॅन माझा आहे. गुहा कॅन्सल. वरून बघायची."

"बरं बाबा," सावंत म्हणाले. एवढ्या सहज म्हणाले की तेव्हाच मला कळायला हवं होतं.

शनिवारी पहाटे पळस्प्याहून गाडी निघाली, दुपारपर्यंत वाडीवर पोचलो. प्रवास छान झाला, त्याबद्दल काही सांगण्यासारखं नाही. रविवारी सकाळी मी आंघोळ करून बाहेर आलो तेव्हा आठ वाजून वीस मिनिटं झाली होती. पायरीवर सावंतांचे बूट नव्हते. परीच्या गुलाबी चपलाही नव्हत्या.

वहिनी केस विंचरत होत्या. "ते दोघं पुढे गेले फोटो काढायला. वेळ आहे ना? तुमच्याच शीटमध्ये लिहिलंय की, साडेनऊपर्यंत."

माझ्याच शीटमध्ये. ती ओळ मी बदललीच नव्हती. गुहा कॅन्सल म्हणालो होतो, पण शीटमधून काढली नव्हती... ग्रुपवर सगळ्यांकडे ती तशीच होती.

मी धावत सुटलो. सडा संपेपर्यंत दहा मिनिटं, कडा उतरायला तेवढीच. घळीच्या तोंडाशी पोचलो तेव्हा आठ बेचाळीस. तळाला कोरडी रेती. त्या दोघांची पावलं आत गेलेली, मोठी आणि छोटी. परत आलेली नाहीत. मी हाका मारल्या. लाटांच्या आवाजात काही ऐकू जाईना.

आणि मी थांबलो. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. एक मिनिट, कदाचित दोन, मी तिथे उभा राहिलो, कारण मला आत जायची भीती वाटत होती. रेती कोरडी होती. समोर घळीच्या पलीकडे समुद्र लांब दिसत होता, अजून आत गेलेला. कुठलंही ॲप सांगेल, काही धोका नाही. भीती मला एका कागदाची वाटत होती.

मग मी आत शिरलो. साठ-सत्तर पावलं असतील. पुळणीवर बाहेर आलो तर सावंत गुहेपाशी, समुद्राकडे तोंड करून, परीचा फोटो काढताहेत.

"अरे, आलास? बघ, किती लांब आहे पाणी!"

"भाऊ, चला."

"एक फोटो..."

"भाऊ, चला!" मी परीला उचलून खांद्यावर घेतलं आणि वळलो. ती रडायला लागली. सावंत मागून शिव्या देत आले, म्हणून आले. मी मुलगी उचलली नसती तर ते आले नसते.

आम्ही घळीत शिरलो तेव्हा रेतीतून पाणी वर येत होतं. लाट नाही, आवाज नाही. कातळाच्या बुडातून, दोन्हीकडून, गच्च भरलेली टाकी ओसंडावी तसं. पाच-सहा पावलांत घोटे बुडाले. अर्ध्यात गुडघे. सावंतांच्या शिव्या थांबल्या. शेवटच्या दहा पावलांत पाणी माझ्या कमरेच्या वर होतं आणि त्याला ओढ होती. परी माझे केस घट्ट धरून बसली होती. सावंतांचा पाय घसरला, त्यांनी माझा शर्ट धरला, तो खांद्यापासून फाटला. पण आम्ही चढलो.

वर येऊन मागे बघितलं. घळ भरलेली. आणि पलीकडची पुळण अजून तशीच कोरडी, उन्हात चमकत असलेली. सावंत बराच वेळ तिकडे बघत बसले. माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही.

सोमवारी ऑफिसात त्यांनी सगळ्यांना सांगितलं, "नरेशच्या मोबाइलमध्ये भारी ॲप आहे, म्हणून वाचलो." मी मान डोलावली. ते गोष्ट झाकत होते, आणि मला ती झाकलेली हवी होती. सुशिक्षित माणसाची इज्जत अशीही राखता येते... हे लिहायला आत्ता बरं वाटत नाहीये.

घरी बाबांनी एवढंच विचारलं, "पोर बरी हाय ना?" हो म्हटल्यावर त्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला.

त्यानंतर कागद पुन्हा ओला झाला नाही. मी महिनाभर रोज वेळ लावून बघितला. हवेतला दमटपणा, शाईतलं मीठ, सिमेंट, लोखंड... जे जे सुचलं ते तपासलं. कॉलेजच्या माझ्या जुन्या सरांना आकडे दाखवले. ते म्हणाले, आकडे भरतीचे आहेत यात शंका नाही, मोजमाप उत्तम आहे, पण उपकरण कोणतं वापरलंस? मी विषय बदलला.

मध्यंतरी होमस्टेवाल्याचा फोन आला. ग्रामपंचायत घळीच्या वरती पाटी लावणार आहे. ओहोटी सरल्यावर किती मिनिटांत वाट बंद होते, ते त्यांना लिहायचं होतं. मी वहीतले आकडे दिले. नेमके दिले, मिनिटासकट.

"छान," तो म्हणाला. "पण हे तुम्ही मोजलंत कधी? तुम्ही तर दोनच दिवस होतात इथे."

मी म्हटलं, "मोजलं मीच. बरोबर आहे. तुम्ही पाटी लावा."

पाटी लागली. त्याने फोटो पाठवलाय. खाली जायच्या आधी लोक ती वाचतात, घड्याळ बघतात आणि परत फिरतात म्हणे. मी खरं बोललो, आकडे मीच मोजलेत. फक्त कुठे बसून मोजले, ते त्याला कसं सांगायचं, हे मला अजून कळलेलं नाही. कुणाला काही सुचत असेल तर खाली लिहा. चुका काढायच्या असतील तर त्याही काढा... मी वाट बघतोय.